एक्स्ट जेएसचा ग्रिड सोडताना फीचर जुळवायची कशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कंपनीचं जुनं ॲप्लिकेशन एक्स्ट जेएस या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कमध्ये आहे, सुमारे ४० स्क्रीन, आणि जवळपास प्रत्येक स्क्रीनवर ग्रिड, म्हणजे रो आणि कॉलमचा तक्ता. नवीन काम रिॲक्ट या स्क्रीन बांधायच्या दुसऱ्या साधनात करायचं ठरलंय. शेजारच्या टीमचं एक मॉड्यूल अँग्युलर या तशाच तिसऱ्या साधनात आधीच सुरू आहे. लीडने सांगितलं की एक्स्टच्या ग्रिडमधली सगळी फीचर एका एक्सेल शीटमध्ये लिही, समोर एजी ग्रिड, एमयूआयचा डेटा ग्रिड, केंडो आणि टॅनस्टॅक टेबल या तयार लायब्ररींचे चार कॉलम कर आणि जे आहे तिथे बरोबरची खूण कर. शीट भरून झाली, आणि चारही कॉलममध्ये जवळपास सगळीकडे बरोबरची खूण आली. आता निवडायचं कसं?

शीट मन लावून केलेली दिसते, पण तिच्यातून निर्णय निघणार नाही. कारण तिच्या डावीकडच्या पहिल्या कॉलममध्येच आहे. तिथे ‘ग्रुपिंग’, ‘इनलाइन एडिटिंग’, ‘सिलेक्शन’, ‘व्हर्च्युअल स्क्रोलिंग’ अशी नावं आहेत. ही नावं लायब्ररी बनवणाऱ्यांनी आपापल्या जाहिरातीच्या पानावर लिहिलेली असतात, त्यामुळे ती सगळीकडे सापडतातच. तुमच्या ॲप्लिकेशनवर दिवसभर काम करणारी माणसं मात्र एका वेळी एक फीचर वापरत नाहीत. अकाउंट्समधल्या बाई बिलं विक्रेत्यानुसार ग्रुप करतात, या महिन्याचा फिल्टर लावतात, प्रत्येक ग्रुपची बेरीज बघतात, दोन-तीन रकमा तिथेच दुरुस्त करतात, वरच्या चौकटीत टिक करून सगळी बिलं निवडतात आणि ‘मंजूर’ दाबतात. फीचर एकेकटी बघितली तर जुळतात. ती एकमेकांत मिसळली की प्रत्येक लायब्ररी वेगळी वागते. तुमच्या शीटमध्ये नेमकी ही मिसळण आलेली नाही, आणि प्रोजेक्ट लांबतात ते इथेच.

कोणती लायब्ररी घ्यावी हे काही गोष्टींवर अवलंबून आहे, त्या आधी सांगतो. एका स्क्रीनवर किती रो येतात आणि सॉर्ट-फिल्टर ब्राउझरमध्ये होतं की सर्व्हरवर, हे पहिलं. लायसन्ससाठी पैसे आहेत का, हे दुसरं. तिसरं म्हणजे रिॲक्ट आणि अँग्युलर दोन्हीकडे ग्रिड एकसारखाच दिसायला आणि वागायला हवा आहे का. आणि चौथं, टीममध्ये कीबोर्ड, फोकस, स्क्रोल असली किचकट कामं स्वतः लिहायची तयारी आहे का. ही चार उत्तरं बदलली की खाली मी जे सुचवतोय तेही बदलेल.

तुमच्या चार कॉलममध्ये मुळात तीन वेगळ्या जातीच्या वस्तू आहेत, हेही ध्यानात घ्या. एजी ग्रिडचं इंजिन एकच आहे आणि रिॲक्ट, अँग्युलर, व्ह्यू यांच्यासाठी त्यावर आवरण आहे. डेव्हएक्स्ट्रीम ही आणखी एक लायब्ररीही त्याच पठडीतली. त्यामुळे अँग्युलरमध्ये जे सेटिंग चालतं ते बहुतेक वेळा त्याच नावाने रिॲक्टमध्येही चालतं. केंडोचं तसं नाही. जेक्वेरीचा केंडो, अँग्युलरचा केंडो आणि केंडो रिॲक्ट यांचं नाव आणि घराणं एक असलं तरी कंपोनंट त्या त्या फ्रेमवर्कसाठी वेगळे लिहिलेले आहेत. म्हणून ‘केंडोमध्ये आहे’ असं लिहिताना कोणत्या केंडोमध्ये ते लिहावंच लागतं, आणि तुमच्यासाठी तो एक कॉलम फोडून दोन करावा लागेल. एमयूआय फक्त रिॲक्टसाठी आहे, म्हणजे अँग्युलरवाल्या टीमला त्याचा उपयोग शून्य.

टॅनस्टॅक टेबल तर ग्रिडच नाही. आधी ते रिॲक्ट टेबल या नावाने ओळखलं जायचं, २०२२ मध्ये आवृत्ती ८ आली तेव्हा नाव बदललं आणि ते रिॲक्टच्या बाहेरही वापरता येऊ लागलं. ते तुम्हाला हिशेब करून देतं: कोणत्या रो दाखवायच्या, कोणत्या क्रमाने, कोणत्या ग्रुपमध्ये. पडद्यावर काढायचं काम पूर्ण तुमचं. व्हर्च्युअल स्क्रोलिंगसाठी, म्हणजे पडद्यावर दिसतील तेवढ्याच रो पानात ठेवण्यासाठी, टॅनस्टॅक व्हर्च्युअल ही वेगळी लायब्ररी जोडावी लागते. बाण दाबून एका सेलमधून दुसऱ्या सेलमध्ये जाणं, सेलमध्ये लिहिणं, एक्सेलमध्ये काढणं, हे सगळं तुम्ही लिहायचं. काही टीमसाठी हे स्वातंत्र्य लाखमोलाचं असतं. पण शीटमध्ये त्याच्यासमोर केलेली बरोबरची खूण आणि एजी ग्रिडसमोरची खूण यांचा अर्थ एक नाही.

एक्स्टच्या बाजूनेही एक गुंता आहे. एक्स्टमध्ये ग्रिड म्हणून जे आपण ओळखतो त्यातला निम्मा भाग ग्रिडचा नसून स्टोअरचा, म्हणजे ग्रिडमागचा डेटा सांभाळणाऱ्या भागाचा, असतो. सेल बदलला की कोपऱ्यात येणारा तो लाल त्रिकोण आठवा. तो ग्रिड दाखवतो, पण कोणतं रेकॉर्ड बदललं, मूळ किंमत काय होती, रद्द केलं तर परत काय आणायचं, हे स्टोअर आणि मॉडेल सांभाळतात. सिंक म्हटलं की नवीन, बदललेली आणि काढलेली रेकॉर्ड वेगवेगळी करून सर्व्हरकडे पाठवणं हेही स्टोअरचंच काम. रिॲक्टच्या जगात हा स्टोअर आयता मिळत नाही. म्हणून शीटमध्ये आधी एक कॉलम वाढवा: हे फीचर एक्स्टमध्ये ग्रिडचं होतं की स्टोअरचं? जे स्टोअरचं होतं ते कोणताही ग्रिड घेतला तरी तुम्हाला वेगळं बांधावं लागणार आहे, त्यामुळे लायब्ररी निवडताना ते मोजूच नका. ते कामाच्या अंदाजात मात्र नक्की धरा. स्थलांतराच्या अंदाजपत्रकात सगळ्यात जास्त वेळा राहून गेलेली बाब मी पाहिली असेल तर ही.

आता अकाउंट्समधल्या बाईंच्या कामाकडे परत येऊ आणि ते तुकड्या-तुकड्याने तपासू.

ग्रुपिंग आणि पानं एकत्र आली की काय होतं ते बघा. एका पानावर १०० रो ठेवल्या आहेत असं धरा. एक्स्टमध्ये पेजिंग टूलबार लावला की सर्व्हरकडून फक्त ते पान येतं, आणि ग्रुप त्या पानावर आलेल्या रेकॉर्डांचेच होतात. एका विक्रेत्याची ३० बिलं असतील आणि त्यातली १२ या पानावर आली असतील, तर ग्रुपखालची बेरीज त्या १२ बिलांची दिसते, जोवर कोणी ती सर्व्हरवरून वेगळी आणलेली नाही तोवर. एजी ग्रिडमध्ये सगळा डेटा ब्राउझरमध्ये असेल तर पानं मोजताना फक्त वरच्या पातळीचे ग्रुप धरले जातात. म्हणजे १०० ग्रुपचं एक पान. सगळे ग्रुप उघडले तर त्याच पानावर हजारो रो दिसू शकतात. आतल्या रोही मोजायच्या असतील तर त्यासाठी वेगळं सेटिंग आहे. टॅनस्टॅकमध्ये याच्या उलट. तिथे उघडलेल्या ग्रुपच्या आतल्या रो आपोआप पानाच्या हिशेबात धरल्या जातात, त्यामुळे एक ग्रुप उघडला की खालचे ग्रुप पुढच्या पानावर ढकलले जातात. तेही सेटिंगने बदलता येतं.

तिघांसमोर ‘ग्रुपिंग: आहे’ आणि ‘पेजिंग: आहे’ अशाच खुणा होतील. पण बाईंना पडद्यावर तीन वेगळ्या गोष्टी दिसतील. त्यात त्या इतकी वर्षं पानापुरती बेरीज बघत आल्या असतील, तर नव्या ग्रिडमधली पूर्ण बेरीज बघून ‘आकडे चुकतायत’ अशी तक्रार येईल. म्हणून जुन्या स्क्रीनवर आज नेमकं काय होतं हे आधी लिहून काढा. ते बरोबर होतं का चूक, हा पुढचा प्रश्न, आणि तो तुम्ही सोडवायचा नाही. अकाउंट्स विभागाकडून लेखी घ्यायचा.

बेरीज आणि फिल्टर यांचं नातंही विचारून घ्या. एजी ग्रिड आणि एमयूआय दोघंही काही न सांगता फिल्टर झालेल्या रोंचीच बेरीज करतात, आणि दोघांकडेही ती सगळ्या रोंवर करण्याची सोय आहे. इथे जुळवाजुळव सोपी आहे. किंमत मात्र सोपी नाही: ग्रुपिंग आणि बेरीज एजी ग्रिडमध्ये एंटरप्राइझ लायसन्समध्ये येतात, एमयूआयमध्ये प्रीमियम या वरच्या श्रेणीत. जुन्या एक्स्टच्या ग्रिडमध्ये ग्रुपिंग एकाच कॉलमवर होत असे. तेवढंच पुरणार असेल आणि रो थोड्या असतील, तर टॅनस्टॅकने किंवा अगदी हाताने लिहूनही ते भागतं. शीटमध्ये ‘ग्रुपिंग’ लिहिलं की हा फरक दिसत नाही. ‘एका कॉलमवर ग्रुप, प्रत्येकाखाली रकमेची बेरीज’ असं लिहिलं की लगेच दिसतो.

पुढचा तुकडा रक्कम दुरुस्त करण्याचा. इथे एक जागा मी प्रत्येक प्रोजेक्टमध्ये स्वतः बसून तपासतो. रकमेच्या सेलमध्ये नवीन आकडा टाइप करायचा, एंटर किंवा टॅब दाबायचा नाही, आणि थेट ग्रिडच्या बाहेर असलेलं ‘जतन करा’ बटण क्लिक करायचं. माणसं हे रोज करतात. एक्स्टच्या सेल एडिटिंगमध्ये फोकस गेला की लिहिलेलं रेकॉर्डमध्ये उतरतं. एमयूआयमध्येही बाहेर क्लिक केलं की बदल पक्का होतो. एजी ग्रिडमध्ये मात्र, तुम्ही काही सेटिंग केलं नसेल तर, फोकस ग्रिडच्या बाहेर गेला तरी सेल एडिट अवस्थेतच राहतो. टाइप केलेला आकडा डेटामध्ये गेलेलाच नसतो, आणि तुमचं बटण जुनी रक्कम सर्व्हरला पाठवतं. पडद्यावर नवीन आकडा दिसत असतो, म्हणून ते लवकर लक्षातही येत नाही. यासाठी ‘स्टॉप एडिटिंग व्हेन सेल्स लूज फोकस’ नावाचं सेटिंग आहे. ते चालू केलं की काम होतं. एका ओळीचं सेटिंग, पण शीटमधल्या ‘सेल एडिटिंग’ या दोन शब्दांमधून ते कधीच वर आलं नसतं.

तसंच एंटरचं. एक्सेलची सवय असलेल्या माणसाला एंटर मारला की खालच्या सेलवर जायचं असतं. एमयूआय तसं करतं. एजी ग्रिड त्याच सेलवर थांबतं, आणि खाली जायला हवं असेल तर सेटिंग करावं लागतं. डेटा एंट्री करणाऱ्यांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. आणखी एक बघा: रक्कम बदलल्यावर ग्रिड रकमेनुसार सॉर्ट केलेला असेल तर ती रो जागची हलते का? एजी ग्रिडमध्ये सेल बदलला की बेरीज लगेच ताजी होते, पण सॉर्ट, फिल्टर आणि ग्रुप पुन्हा लावले जात नाहीत. रो आपल्या जागी राहते. माझ्या मते हेच वागणं बरं, कारण हाताखालची रो अचानक उडून गेली तर माणूस गडबडतो. पण तुमचे वापरणारे दुसऱ्याला सरावलेले असतील तर ते आधी कळायला हवं.

आणि आता सगळ्यात धोक्याचा तुकडा: सगळी निवडा आणि मंजूर करा.

हेडरमधल्या चौकटीत टिक केल्यावर ‘सगळी’ म्हणजे कोणती? एक्स्टमध्ये चेकबॉक्स सिलेक्शन स्टोअरमध्ये त्या क्षणी असलेली रेकॉर्ड निवडतं, म्हणजे पेजिंग असेल तर ते पान, फिल्टर असेल तर फिल्टरमधून उरलेली. टॅनस्टॅकमध्ये पानापुरती निवडण्याचं आणि सगळी निवडण्याचं फंक्शन वेगवेगळं आहे. हेडरला कोणतं जोडायचं ते तुम्ही ठरवता. एमयूआयमध्ये हेडरची टिक सगळ्या पानांवरच्या रो निवडते, फक्त दिसणाऱ्या पानापुरती हवी असेल तर ती सोय प्रो श्रेणीत आहे. आणि एजी ग्रिडमध्ये, ब्राउझरमध्ये सगळा डेटा असताना, हेडरची टिक मुळात सगळ्याच रो निवडते, फिल्टरने लपलेल्यासुद्धा. फिल्टरमधल्याच किंवा पानावरच्याच निवडायच्या असतील तर तसं सांगावं लागतं.

आता बाईंचं वाक्य पुन्हा वाचा. या महिन्याचा फिल्टर लावला, सगळी निवडली, मंजूर केली. सेटिंग न बघता एजी ग्रिड बसवला तर मागच्या महिन्यांची वादात अडकलेली बिलंही मंजूर होऊन जातील, आणि पडद्यावर त्यातलं एकही दिसणार नाही. यात लायब्ररीचा काही दोष नाही, तिच्या कागदपत्रांत हे स्वच्छ लिहिलेलं आहे. पण ‘मल्टिपल सिलेक्शन: आहे’ एवढ्यावर थांबणारी शीट इथे खऱ्या पैशांचं नुकसान करू शकते. शक्य असेल तिथे मी आणखी एक गोष्ट करतो: ‘मंजूर’ दाबल्यावर किती बिलं आणि एकूण किती रुपये हे दाखवून पुन्हा विचारतो. कोणताही ग्रिड असो, हे ठेवाच.

डेटा सर्व्हरवरून तुकड्या-तुकड्याने येत असेल तर ‘सगळी’ या शब्दाचा अर्थ आणखी बदलतो, कारण ब्राउझरला सगळ्या रोंचे आयडी माहीतच नसतात. एजी ग्रिडचं सर्व्हर साइड मॉडेल अशा वेळी ‘सगळी निवडली आहेत, या अमुक सोडून’ अशा रूपात निवड देतं. एमयूआयनेही आवृत्ती ८ मध्ये निवडीची रचना बदलून ‘एवढ्याच’ किंवा ‘एवढ्या सोडून सगळ्या’ असे दोन प्रकार केले. म्हणजे तुमच्या सर्व्हरच्या मंजुरीच्या एपीआयला (ब्राउझरची मागणी घेणाऱ्या भागाला) नुसती आयडींची यादी घेऊन चालणार नाही. फिल्टरच्या अटी आणि वगळलेल्यांची यादी एकत्र घेता आली पाहिजे. बॅकएंडवाल्यांना हे पहिल्या आठवड्यात सांगा.

सर्व्हरचा विषय निघालाच आहे तर तोही पुरा करू. एक्स्ट सर्व्हरला पान, सुरुवात, मर्यादा आणि सॉर्टची यादी पाठवतो. एजी ग्रिडचं सर्व्हर साइड मॉडेल सुरुवातीची रो, शेवटची रो, सॉर्ट, फिल्टर, कोणत्या कॉलमवर ग्रुप केलंय आणि सध्या कोणता ग्रुप उघडलाय हे सगळं पाठवतं. एमयूआयची फिल्टरची रचना पुन्हा निराळी. चाळीस स्क्रीनच्या मागचे एपीआय एकेका ग्रिडच्या भाषेत लिहिले तर पुढच्या वेळी पुन्हा हीच पंचाईत. माझा शिरस्ता असा की सॉर्ट, फिल्टर आणि पान मागण्याची एक रचना आपली ठरवायची, सर्व्हर फक्त तीच समजेल, आणि ग्रिडच्या भाषेतून आपल्या भाषेत आणणारं छोटं फंक्शन ब्राउझरच्या बाजूला ठेवायचं. कॉलमची व्याख्याही तशीच ठेवता येते: नाव, प्रकार, रुंदी, सॉर्ट चालेल का, एडिट चालेल का.

पण यापुढे जाऊन संपूर्ण ग्रिडला आपलं आवरण घालून ‘आमचा ग्रिड’ बनवण्याच्या मोहात पडू नका. ‘उद्या लायब्ररी बदलली तरी कोड बदलायला नको’ हे ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात त्या आवरणात प्रत्येक स्क्रीनसाठी एकेक भोक पाडावं लागतं, आणि काही महिन्यांत तुम्ही दोन ग्रिड सांभाळत बसता.

बाकीच्या मुद्द्यांवरून भरभर जातो. कॉलमची रुंदी, क्रम, फिल्टर लक्षात ठेवणं एक्स्टमध्ये स्टेटफुल केलं की होतं. एजी ग्रिड आणि एमयूआय दोघांकडून अवस्था काढून घेता आणि परत देता येते, टॅनस्टॅकमध्ये ती तुमच्याच हातात असते. जुन्या जतन केलेल्या मांडण्या मात्र नव्या ग्रिडला कळणार नाहीत, हे वापरणाऱ्यांना आधी सांगा. व्हर्च्युअल स्क्रोलिंग असेल तर पडद्याबाहेरच्या रो पानात नसतात, म्हणून ब्राउझरचा कंट्रोल-एफ त्या शोधत नाही. कोणाला ही सवय असेल तर ग्रिडच्या वर शोधाची चौकट द्या. ब्राउझरलाही मर्यादा आहेत: एका एलिमेंटची उंची क्रोममध्ये सुमारे ३.३५ कोटी पिक्सेल आणि फायरफॉक्समध्ये सुमारे १.७९ कोटी पिक्सेलच्या पुढे जात नाही. ४० पिक्सेलच्या रो असतील तर फायरफॉक्समध्ये साडेचार लाखांच्या आसपास ही भिंत लागते. इतक्या रो एका स्क्रोलमध्ये मागणाऱ्याला मी आधी विचारतो की यातल्या खरंच वाचणार किती.

निर्यात करताना एकच तपासा: एक्सेलमध्ये गेलेला आकडा आकडा म्हणून गेला की मजकूर म्हणून? लाख-कोटीच्या पद्धतीने स्वल्पविराम घालून दाखवलेली १२,३४,५६७ ही रक्कम एक्सेलमध्ये मजकूर बनून गेली तर तिची बेरीज होत नाही, आणि पहिला फोन अकाउंट्समधूनच येतो. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर, एजी ग्रिड आणि एमयूआय दोघांच्या मोफत आवृत्तीत आहे. खरी एक्सेल फाइल एजी ग्रिडच्या एंटरप्राइझमध्ये आणि एमयूआयच्या प्रीमियममध्ये.

सॉर्टबद्दल थोडं जास्त बोलावं लागेल, कारण तुमच्या ग्रिडमध्ये विक्रेत्यांची किंवा गावांची नावं मराठीत असतील तर इथे हमखास अडकायला होतं. युनिकोडमध्ये ‘ळ’ची जागा ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये आहे. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’च्या नंतर येतो. नुसती अक्षरांच्या कोडची तुलना करणारा ग्रिड काळे, कावरे, काशीद असा क्रम लावेल. मराठी शब्दकोशाच्या क्रमाने काळे शेवटी यायला हवेत. एजी ग्रिडची मूळची तुलना कोडनुसार चालते, एमयूआय ब्राउझरचा कोलेटर (भाषेच्या क्रमाने तुलना करणारी सोय) वापरतं, आणि सर्व्हरवर डेटाबेस त्याच्या स्वतःच्या कोलेशनने, म्हणजे क्रमाच्या नियमांनी, सॉर्ट करतो. तिघांचा क्रम एक असेलच असं नाही. एजी ग्रिड, एमयूआय आणि टॅनस्टॅकमध्ये कॉलमला स्वतःचं तुलना-फंक्शन देता येतं. त्यात मराठी लोकेलचा कोलेटर द्या आणि ही तीनच नावं टाकून क्रम बघा. सॉर्ट सर्व्हरवर होत असेल तर हेच डेटाबेसमध्ये करा. अर्धा सॉर्ट इकडे आणि अर्धा तिकडे असं कधीही ठेवू नका, कारण पान बदललं की नावं उलटसुलट होतात.

स्क्रीन रीडर वापरणारं कोणी असेल, किंवा सरकारी काम असेल, तर एकूण रो किती आणि ही कितवी हे ग्रिड नीट सांगतो का ते ऐकून बघा. व्हर्च्युअल स्क्रोलिंगमध्ये हे ग्रिडला मुद्दाम सांगावं लागतं. तयार ग्रिड हे करतात, टॅनस्टॅकमध्ये तुम्हाला लिहावं लागतं.

लायसन्स. एजी ग्रिडची कम्युनिटी आवृत्ती एमआयटी या मुक्त लायसन्सची आहे आणि साधी यादी, सॉर्ट, फिल्टर, एडिट, कॉलम बाजूला धरून ठेवणं एवढ्यासाठी ती भरपूर आहे. एक्सेलमधून रोंचे रो कॉपी करून चिकटवणं एंटरप्राइझमध्ये. एमयूआयची मोफत आवृत्तीही एमआयटीच, पण तिथे एका पानावर १०० पेक्षा जास्त रो ठेवता येत नाहीत, एका वेळी एकाच कॉलमवर सॉर्ट आणि एकच फिल्टर, आणि कॉलम धरून ठेवण्यासाठी प्रो लागतं. टॅनस्टॅक पूर्ण मोफत, फक्त त्याची किंमत तुमच्या टीमच्या वेळात मोजावी लागते. आणि आज मोफत आहे म्हणून उद्याही असेल असं गृहीत धरू नका. हँडसनटेबल ही ग्रिडची लायब्ररी २०१९ मध्ये आवृत्ती ७ पासून मुक्त लायसन्समधून बाहेर पडली, तेव्हा अनेक टीम जुन्या आवृत्तीवर अडकून राहिल्या. म्हणून शीटमध्ये प्रत्येक खुणेशेजारी श्रेणी लिहा: मोफत, मधली, वरची. नुसतं एवढं केलं तरी तुमच्या चार सारख्या दिसणाऱ्या कॉलमचे रंग वेगळे होतील.

आता नवी शीट कशी करायची ते. चाळीस स्क्रीनचे आधी तीन ढीग करा. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त स्क्रीन नुसत्या याद्या असतात: बघायचं, शोधायचं, क्लिक करून आत जायचं. काहींमध्ये थोडं एडिटिंग असतं. आणि मूठभर स्क्रीन अशा असतात की त्यांच्यावर कोणीतरी सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसलेलं असतं. शीट या मूठभर स्क्रीनसाठीच करा. त्या माणसांच्या शेजारी बसा, ती काय करतात ते पूर्ण वाक्यात लिहा, वर बाईंचं लिहिलं तसं. प्रत्येक वाक्यासमोर प्रत्येक लायब्ररीसाठी चारपैकी एक शब्द: ‘आपोआप’, ‘सेटिंगने’, ‘आपला कोड’, ‘जमत नाही’. शेजारी लायसन्सची श्रेणी. ‘आपला कोड’ जिथे येईल तिथे तो कोण सांभाळणार त्याचं नाव. आणि हे शब्द जाहिरातीचं पान वाचून लिहायचे नाहीत, नमुना चालवून लिहायचे. सगळ्यात अवघड एक स्क्रीन घ्या, खऱ्या आकाराचा बनावट डेटा भरा, आणि ती दोनच लायब्ररींमध्ये बांधा. चारांमध्ये बांधत बसू नका, दोन तर वरच्या चार प्रश्नांवरच गळतील.

तुम्ही जेवढं सांगितलंय त्यावरून माझा कल असा आहे. रिॲक्ट आणि अँग्युलर दोन्ही आहेत, आणि माणसं एक्स्टला सरावलेली आहेत, म्हणून जड स्क्रीनसाठी एजी ग्रिड एंटरप्राइझ आणि साध्या याद्यांसाठी त्याचीच कम्युनिटी आवृत्ती. दोन्ही टीमना एकच वस्तू शिकावी लागेल आणि एकाला सापडलेलं उत्तर दुसऱ्याला वापरता येईल. वर सांगितलेली सेटिंग, म्हणजे फोकस, एंटर, हेडरची टिक आणि पानांचा हिशेब, एका सामायिक फाइलमध्ये ठेवा आणि प्रत्येक ग्रिड तिथूनच सुरू करा. कंपनीकडे केंडोचं लायसन्स आधीच असेल तर तेही वाईट नाही, फक्त अवघड स्क्रीन रिॲक्ट आणि अँग्युलर दोन्हीकडे बांधून बघा. लायसन्ससाठी पैसेच नसतील तर साध्या याद्या एजी ग्रिड कम्युनिटीवर न्या, आणि ग्रुप-बेरीजवाल्या जड स्क्रीन घाईने हलवू नका. त्या एक्स्टमध्येच वेगळ्या रूटवर (ॲप्लिकेशनमधल्या वेगळ्या पत्त्यावर) चालू ठेवणं हा पूर्णपणे सन्मानाचा पर्याय आहे, जोवर एक्स्टच्या लायसन्सचं नूतनीकरण होत राहतंय तोवर.

तीन गोष्टी कळवल्यात तर मी जास्त नेमकं सांगू शकेन: सगळ्यात जड स्क्रीनवर किती रो येतात, तिथला सॉर्ट आज एक्स्ट करतो की सर्व्हर, आणि मंजुरीसारखी एकदम अनेक रोंवर होणारी कृती किती स्क्रीनवर आहे. तिसऱ्याचं उत्तर शोधताना एक्स्टच्या कोडमध्ये चेकबॉक्स मॉडेल कुठे कुठे वापरलंय ते शोधा, यादी लगेच मिळेल.